तळाशीलचा उद्याचा अंदाज

संध्याकाळी सहाला सोसायटीच्या गच्चीवरचा भोंगा
आधी खोकतो,
मग मी बोलते:
उद्या मंगळवार, चैत्रातली अमावास्या.
वारा वायव्येकडून, ताशी दहा ते पंधरा. आकाश निरभ्र.
भरती अकरा चाळीसला.
लाटांची उंची एक पूर्णांक आठ मीटर,
दोन लाटांमधलं अंतर अठरा सेकंद.

कागद एवढाच. हैदराबादहून येतो,
जिथून दर्या दिसत नाही.

अठरा म्हटल्यावर खाली वाळूत
भालचंद्र टिकमांची जाळं विणणारी सुई थांबते.
सहा-सात सेकंदांची लाट आपली, इथल्याच वाऱ्याची,
शेजारच्या पोरासारखी, दंगा करते, घरी जाते.
अठराची परकी.
पृथ्वीच्या पार पायथ्याशी, बर्फाजवळच्या वादळात
तिचा जन्म.
सात-आठ दिवस चालत येते
वाटेत माडाचं एक झावळं न हलवता.
ती पोचते तेव्हा वादळ केव्हाच मेलेलं असतं.
आम्हांला त्याचं नावही कळत नाही.

"भांग आसतो तर गजाल येगळी," टिकम म्हणतात,
आणि सुई टोपीत खोचतात.

शाळेत भूगोलाला व्यापारी वारे होते.
कसला व्यापार करतात, मी बाईंना विचारलं,
बाई म्हणाल्या, पाठ कर.
पुढे लग्न होऊन इथे आले तर कळलं,
घरावरची कौलं मंगळूरहून
आजेसासऱ्यांच्या पडावातून आलेली,
नुसत्या शिडावर. डिझेल शून्य.
पहाटे जमिनीवरून मतलई, दुपारी दर्यावरून खारा,
एक पोचवायला, एक आणायला.
त्या वाऱ्यांची उधारी आमच्याकडून
अजून कुणी मागितलेली नाही.

फोन वाजतो. मालवणहून ऑगस्टीन.
"अठरा? खराच अठरा? परत वाच गे!"
पिवळी फळी घेऊन तो दीड महिना
याच आकड्याची वाट बघतोय.
फळीचं मोडकं पातं त्याने होडीच्याच राळेने चिकटवलंय.
मी परत वाचते. पलीकडे शिट्टी.
मला राग येतो, आणि रागाच्या खाली थोडा हेवा.

रात्री हॅलोजन लावून सोळा होड्या वर ओढल्या.
ऑगस्टीन फळीसकट आदल्या रात्रीच आला होता,
त्यालाही टिकमांनी दोरीला लावला.
त्याचे हात मऊ. दोन फोड आले.
"हेका लाटेर उभो ऱ्हवतलो म्हणे!" कुणीतरी म्हणालं,
हसण्यात एक हिसका जास्तीचा बसला.

आमचं गाव म्हणजे वाळूची एक पट्टी.
अलीकडे गड नदीची खाडी, पलीकडे दर्या.
मी आले तेव्हा किनाऱ्याला माडांच्या चार रांगा होत्या.
आता दीड.

मंगळवारी इतकं स्वच्छ ऊन होतं
की सगळ्यांनी गोधड्या वाळत घातल्या.
पावणेबाराला पाणी मागे सरलं,
जरा जास्तच सरलं,
कालवांचे खडक उघडे पडले,
पोरं धावत सुटली, बायांनी हाका मारून फिरवली.
मग ती आली. आवाज नाही, फेस नाही,
एखाद्याने चादर झटकायला उचलावी तशी
क्षितिजापासून अखंड उचललेली.

ऑगस्टीन तिच्यावर उभा राहिला.
मी गच्चीवरून आकडे मोजले: अकरा.
अकरा आकडे माणूस पाण्यावर चालत होता,
तोंड उघडं,
आणि मागोमाग तेच पाणी रत्नप्रभा रेवंडकरच्या
न्हाणीची भिंत घेऊन परतलं.
तांब्याचा बंब तेवढा राहिला, जागच्या जागी,
गरम.

होड्या वाचल्या. माड दोन गेले, तिसरा कललाय.

सहा वाजले. भोंगा खोकला.
उद्या बुधवार. वारा वायव्येकडून. आकाश निरभ्र.
न्हाणीसाठी कागदात रकाना नाही,
म्हणून आज मी पदरचं एक वाक्य घातलं:
कुणाची दोरी टिकमांकडे राहिली असेल तर घेऊन जावी,
आणि रत्नप्रभाकडे जाताना
दोन-दोन चिरे घेऊन जावे.

लाटांमधलं अंतर
सोळा सेकंद.